सातव्या खंडाच्या मागे

माहितीच्या युगाने आता खेड्यातल्या वाचनालयाचे दार ठोठावले आहे. हे वाक्य बीडच्या कार्यशाळेच्या निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली छापले होते. मी ते लिहिले नव्हते, पण छापील गोष्टीला नाही म्हणायची ग्रंथपालाला सवय नसते. पुढच्या सहा दिवसांत मी त्या जिल्ह्यातल्या वाचनालयांची चार दारे पाहिली. दोन उघडी होती. एकाची किल्ली किराणा दुकानात होती. चौथ्याच्या आत खताची पोती रचलेली होती आणि पुस्तके त्यांच्या मागे होती. ठोठावल्याच्या खुणा कुठेच दिसल्या नाहीत.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्या वर्षांत संगणक नावाची वस्तू सगळीकडे येत होती आणि ती आल्यावर तिचे काय करायचे हे सांगायला माझ्यासारख्यांना बोलावले जात होते. बीडला मला सांगायचे होते ते विकीबद्दल. विकी म्हणजे संगणकावरची एक अशी वही, जी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातून उघडता येते, जिच्यात कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याने लिहिलेले कोणीही दुरुस्त करू शकतो. पुण्यात हे सांगितले की लोक माना डोलावतात आणि घरी जातात. बीडमध्ये तसे झाले नाही.

बीड, सोमवार

उद्घाटनाला पाहुणे होते. त्यांनी संगणकाला हार घातला आणि समई लावली, आणि त्याच क्षणी वीज गेली. भारनियमन अगदी वेळापत्रकाप्रमाणे होते, फक्त कार्यक्रमपत्रिका करणाऱ्याने ते पाहिले नव्हते. पुढचा पाऊण तास ती समई हा सभागृहातला एकमेव कामाचा दिवा होता, आणि तिच्या उजेडात पाहुणे इंटरनेटवर बोलले.

वीज आल्यावर मी माझे सांगणे सुरू केले. दहाच मिनिटांत पाटोद्याकडच्या एका गावचे गफूरभाई उभे राहिले. पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात तीन पेने, तीस वर्षांची ग्रंथपालकी आणि जोडीला पुस्तकबांधणीचा धंदा.

"सर, कुणीबी येऊन खोडायचं म्हणता?"

"हो. चूक असेल तर."

"आमच्या पुस्तकांच्या दाखल-रजिस्टरात खाडाखोड केली तर मेमो मिळतो. लाल शाईनं दुरुस्ती, बाजूला सही, तारीख. आन् तुमी म्हणता खोडा."

मी समजावले की विकीत खोडलेलेही जपून राहते. पानाचा इतिहास उघडला की कोणी, केव्हा, काय बदलले ते सगळे दिसते.

"सगळं राहतं?"

"सगळं."

"मग त्याला खोडलं कावून म्हणायचं?" गफूरभाई म्हणाले आणि खाली बसले. सभागृह हसले. मीही हसलो.

दुपारी आम्ही पहिले पान केले: 'कोणाकडे कोणते मोठे ग्रंथ आहेत'. एका गावाला हवा असलेला ग्रंथ शेजारच्या गावात असेल तर तो विकत घेण्यापेक्षा आणून वाचावा, इतका साधा हेतू. एकेक ग्रंथपाल येऊन नोंद करत होता. तेलगावजवळच्या एका गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष शिवलिंगअप्पा स्वतः आले होते. बियाणांचे मोठे दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. त्यांनी टंकलेखन करणाऱ्याला बसल्या जागेवरून सांगितले, "लिव्हा. कोश. बारा खंड."

संध्याकाळी मी ते पान मोठ्याने वाचून दाखवले. "हे पाहा," मी अभिमानाने म्हणालो, "बारा खंडांचा हा कोश पुण्यातसुद्धा सहज सापडत नाही, आणि तुमच्या जिल्ह्यात तो तीन ठिकाणी आहे!"

कोणी टाळी वाजवली नाही. गफूरभाई खिशातली पेने नीट करू लागले. अप्पा छताच्या पंख्याकडे पाहू लागले. तो बंद होता.

बीड, मंगळवार

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वंदना वाघमारे माझ्याकडे आल्या. पालीजवळच्या एका गावच्या ग्रंथपाल, वय पस्तिशीचे, आदल्या दिवशी सगळ्यांत कमी बोललेल्या.

"सर, ते तीन कोश न्हाईत. एकच हाय."

"एकच?"

"आमचा. दाखल नंबर आमचा हाय. तपासणी आली की अप्पा आमच्याकडून नेतात, काचेच्या कपाटात लावतात, साहेब बघून जातात. मोठे ग्रंथ दिसले की लायब्रीचा वर्ग वर राहतो, अनुदान जास्त मिळतं. मग ते गफूरभाईंना देतात, तिकडची तपासणी होते. तिसऱ्या खंडावर आमच्या गुरुजींनी चहा सांडलेला हाय. तो तिन्ही लायब्रीत सांडलेला निघंल."

हा रिवाज मला ठाऊक नव्हता, आणि मी पुण्याच्या लोकांबद्दल विनाकारण चांगले बोलू इच्छित नाही, पण आमच्याकडे पुस्तक शेजारच्या टेबलावर नेण्यासाठीसुद्धा अर्ज लागतो. इथे बारा खंड जीपच्या टपावर बांधून जिल्हाभर फिरत होते आणि प्रत्येक गावात तेवढ्यापुरते त्या गावचे होत होते.

"यावेळी अकराच परत आले," बाई म्हणाल्या. "सातवा न्हाई. अप्पा म्हणतात, पाठवला. गफूरभाई म्हणतात, अप्पांची वस्तू, अप्पाला विचारा. आन् शनिवारी आमची पडताळणी हाय."

"एक खंड कमी निघाला तर काय होईल?"

"आमच्या सेक्रेटरींच्या सूनबाईंनी ग्रंथपालाचा कोर्स केलाय. सातवा खंड न्हाई निघाला तर मला काढायचं पत्र तयार हाय. निष्काळजीपणा म्हणून."

"तुम्हाला कसे माहीत?"

"मीच टाईप केलंय, सर. ऑफिसात दुसऱ्या कुणाला येत न्हाई."

त्यांनी हे कुठलाही सूर न लावता सांगितले. मी एवढेच म्हणू शकलो की, अप्पांच्या आणि गफूरभाईंच्या गावी मला तसेही जायचेच आहे.

पालीकडे, बुधवार

बीडहून पालीकडे काळीपिवळीने गेलो. काळीपिवळी म्हणजे जीप. तिच्यात किती माणसे बसतात हे शेवटचा माणूस बसेपर्यंत कोणालाच कळत नाही. उजवीकडे बिंदुसरेच्या धरणाचे पाणी चमकत होते आणि काठाने ज्वारी उभी होती.

बाईंचे वाचनालय एका खोलीचे, पण पुस्तके वापरून मऊ झालेली. काचेच्या कपाटात कोशाचे अकरा लाल खंड होते आणि सहाव्या-आठव्याच्या मधे एका खंडाची जागा सोडलेली होती. अकरा खंड सरकवून ती फट बुजवता आली असती. बाईंनी बुजवली नव्हती.

त्यांनी आदल्या रात्री विकीवर आपल्या मनाने एक पान केले होते, गावातल्या शिक्षकाच्या संगणकावरून. नाव: 'वाचक काय विचारतात'. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर. सातबारा कसा वाचावा. भरतीच्या परीक्षेचे जुने प्रश्न. 'य'वरून मुलीची नावे. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर नव्हते. उत्तर कुठे मिळेल ते होते.

"एकच प्रश्न दहा गावांत दहा जण विचारतात," त्या म्हणाल्या. "दहा जणींनी दहादा कावून शोधायचं?"

दोन दिवस मी जे स्लाइड दाखवून सांगत होतो, ते यात आले होते. मी ते वाक्य लिहून घेतले आणि त्यानंतर तीन शहरांत स्वतःचे म्हणून वापरले आहे.

जेवायला त्यांच्या घरी थांबलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बाईंच्या पदवीचे फ्रेम केलेले प्रमाणपत्र. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. पुण्यात पाहुण्याला "अजून घेणार का?" असे विचारतात आणि उत्तर नकारार्थी असावे अशी अपेक्षा असते. इथे विचारलेच नाही. बाईंच्या सासूबाई ताटात भाकरी टाकून पुढे गेल्या.

"ते पुस्तक घेऊन या, साहेब," जाताना त्या मला म्हणाल्या. "तिनं लई वर्सं सांभाळलंय ते."

तेलगावच्या वाटेवर, गुरुवार

रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी आणि कापसाच्या ट्रकांनी भरलेला होता. दोन्हींच्या मागे जायला वेळ भरपूर मिळतो, म्हणून देखावा नीट पाहून होतो.

अप्पांचे वाचनालय त्यांच्या दुकानाच्या वर होते. जिन्यात देणगीदारांची संगमरवरी पाटी. सर्वांत मोठी अक्षरे अप्पांच्या नावाची होती, आणि तो कोरणाऱ्याचा दोष नव्हता. वर काचेचे कपाट. त्यावर पितळी पट्टी: 'कोश, बारा खंड'. कपाट स्वच्छ पुसलेले आणि रिकामे.

"वाचायला दिलेत का?" मी विचारले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले, मग गाडी काढायला सांगितली आणि मला हुरडा खायला शेतावर नेले. आमच्याकडे हुरड्याची पार्टी असते आणि तिला तिकीट असते. इथे दुपारचे चार वाजले होते, एवढेच निमित्त होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसे एक गडी तळहातावर चोळत होता. गूळ, तिळाची चटणी, दही. तिसऱ्या मुठीला अप्पा बोलले.

"सातवा पडला, सर."

"कुठे?"

"फाट्यावर. जीपच्या टपावरची दोरी सैल झाली. खाली पडला आन् मागनं उसाचा ट्रॅक्टर. चाक गेलं वरून."

मी हातातला हुरडा खाली ठेवला.

"पुट्ठा गेला, शिवण गेली. गफूरला दिला बांधायला. वाघमारे मॅडमला काय तोंडानं सांगायचं? मागून आणलेली वस्तू. चाळीस वर्सं ह्या गावात माझ्या शब्दाला किंमत हाय."

"अप्पा, शनिवारी त्यांची नोकरी जातेय."

"गफूरला फोन लावतो. दिऊन टाकील."

"आणि विकीवर? तिथे तुमचे बारा खंड लिहिलेले आहेत. पडताळणीच्या साहेबांनी ते पान पाहिले, तर पालीचे खंड तुमचे ठरतील."

"ते लिवलं ते लिवलं. मी खोडलं तर लोकं म्हणतील अप्पा खोटं बोलला."

"बोललातच ना?"

हे माझ्या तोंडून निघून गेले. गडी चोळायचा थांबला. अप्पांनी माझ्यापुढे दही सरकवले. "खा," म्हणाले, "पुण्याला असलं मिळत न्हाई." फोन त्यांनी माझ्यासमोर लावला, पान मात्र जसे होते तसेच राहिले.

पाटोदा, शुक्रवार

पाटोद्याकडे बालाघाटाचे डोंगर सुरू होतात. सीताफळाची झुडपे उघडी पडलेली, माळावर दगड जास्त आणि गवत कमी. गफूरभाई त्यांच्या गावाहून सकाळीच पाटोद्याच्या बाजारपेठेतल्या आपल्या बांधणीच्या दुकानात आले होते. दुकानात मैद्याच्या खळीचा वास होता. खळीत मोरचूद घातला की झुरळे लागत नाहीत, हे त्यांनी मला नमस्काराआधी सांगितले.

मागच्या फळीवर चाळीसेक जाड पुस्तके, सगळी काळ्या कापडात, पाठीवर नाव एकाच्याही नाही.

"नावं शेवटी टाकतो, एकदम. तवर मला हाताला कळतं," असे म्हणून त्यांनी दोन-तीन उघडून पाहिली आणि चौथे माझ्यासमोर ठेवले. सातवा खंड. शिवण नवी, कडा नेटक्या. मधल्या दोन पानांवर मात्र ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी स्वच्छ उमटलेली होती, आणि तिच्याखालचा मजकूर वाचता येत होता.

मी हात पुढे केला. त्यांनी पुस्तक मागे घेतले.

"ज्याच्याकडून आलं त्याला द्यायचं. माझ्या वहीत अप्पांचं नाव हाय. तुमच्या हाती कसं देऊ?"

"अप्पांनी फोन केला ना काल?"

"फोनचं रेकॉर्ड कुठं राहतं? त्या पानावर सगळं राहतं, असं सोमवारी तुमीच बोललात. अप्पा बोलले फोनवर. तिथं लिव्हू द्या."

ग्रंथपालाला विकी शिकवायला जाणाऱ्याने आपले भाषण कोणी मनापासून ऐकेल, या शक्यतेचा आधी विचार करून ठेवावा.

सायबर कॅफे शेजारीच होते. साडेअकरा वाजले होते आणि बाराला वीज जायची होती. मी अप्पांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. ते तेलगावच्या कॅफेत होते, म्हणजे मी फोन करायच्या आधीच जाऊन बसले होते. हे माझ्या ध्यानात आले, पण मी ते बोललो नाही.

"मी एकटाच कावून लिवू?" अप्पा म्हणाले. "त्या पानावर गफूरचे बी बारा खंड हायेत."

गफूरभाई फोनजवळ वाकले. "मी बी लिवतो, अप्पा. इथंच बसलोय."

दोघांनीही पान उघडले. विकीचा एक स्वभाव असा की, दोघांनी एकाच वेळी एका जागेत लिहिले, तर जो आधी जतन करतो त्याचे टिकते आणि दुसऱ्याला सूचना येते की पान मधल्या मध्ये बदलले आहे, पुन्हा पाहा. मी हे समजावून सांगितले, आणि ही माझी चूक झाली.

"मग आधी तुमी करा, अप्पा. तुमी मोठे."

"न्हाई न्हाई. तुमी इल्मवाले माणूस. आधी तुमी."

"असं कसं? तुमी अध्यक्ष."

"अध्यक्ष गावचा. पानावर आधी तुमी."

"अप्पा," मी घड्याळाकडे बघून म्हणालो, "बाराला पाच कमी आहेत."

पलीकडे खुर्ची सरकली. मग अप्पांचा आवाज, आमच्यासाठी नव्हे, शेजारच्या टंकणाऱ्या माणसासाठी: "ते बारा खंड खोड. सगळं खोड. आता लिव्ह. आमच्याकडं कोश न्हाई. कवाच नव्हता. तो पालीकडच्या वाघमारे मॅडमच्या लायब्रीचा. सातवा खंड आमच्या हातून खराब झाला. खाली माझं पूर्ण नाव टाक. वडिलांच्या सकट."

पान आमच्या पडद्यावर नवे होऊन आले. टंकणाऱ्याने भाषा सुधारून घेतली होती, पण वडिलांचे नाव होते. मी ते एकदा मोठ्याने वाचले. कॅफेवाल्याने ते छापून दिले. गफूरभाईंनी आपली नोंद खोडली, "आमच्याकडेही नव्हता" एवढेच लिहिले आणि बटण दाबले. पान जतन झाले आणि तेवढ्यात वीज गेली. कुठे रेघ राहिली का, हे बघत ते काळ्या पडद्यासमोर क्षणभर बसून राहिले.

"लाल शाई बी लागली न्हाई," ते म्हणाले, आणि पुस्तक माझ्या हातात दिले.

"आता पुढच्या तपासणीला काय दाखवणार?" मी विचारले.

"जे हाय ते. आमचा बी वर्ग खाली गेला तर अप्पांना सोबत व्हईल."

पालीकडे, शनिवार

पडताळणीचे साहेब अकराला आले. सोबत सेक्रेटरी होते, हातात फोल्डर. बाईंनी रात्रभर झोप घेतली नसावी, पण टेबलावर रजिस्टर उघडे आणि पेन्सिली टोकदार होत्या. कपाटात सहावा, सातवा, आठवा ओळीने उभे. अकरा लाल, एक काळा.

"हा असा का?" साहेबांनी विचारले.

"बांधणी नवी हाय, साहेब."

त्यांनी खंड काढून पहिले पान उघडले. तिथे तीन वाचनालयांचे तीन शिक्के होते. सेक्रेटरींनी फोल्डर या हातातून त्या हातात घेतला.

"हे काय? पुस्तक कोणाचं?"

बाईंनी विकीच्या पानाचा छापलेला कागद पुढे ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. अप्पांचे नाव त्यांना माहीत असावे, कारण तिथे ते थांबले.

"मी इतकी वर्षे पडताळणी करतो," ते म्हणाले. "नसलेली पुस्तके आहेत म्हणून लिहिणारे पाहिले. आमच्याकडे नाही असं लिहून देणारे पहिल्यांदाच पाहतोय." मग त्यांनी दाखल नंबर रजिस्टरशी ताडून पाहिला, तो जुळला, आणि सही केली.

सेक्रेटरींनी फोल्डरातून एक कागद काढला आणि बाईंपुढे धरला. "हे फाइलला लावून टाका."

"कोणत्या फाइलला, साहेब?"

"कुठल्याही."

बाईंनी तो घेतला, एकदा वाचला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत माझीच चूक राहिली होती." मग त्यांनी तो टेबलाच्या खणात टाकला.

साहेब चहाला गेले. माझ्या गाडीला अजून वेळ होता. ज्याच्यापायी मी तीन तालुके हिंडलो तो खंड निदान चाळावा म्हणून मी खिडकीपाशी बसलो. टायरची पाने ओलांडून मागे गेलो. शेवटच्या पुठ्ठ्याला पुस्तक दिल्या-घेतल्याच्या तारखांचा कागद चिकटवलेला होता. गफूरभाईंनी तो जुन्या पुठ्ठ्यावरून जपून काढून नव्यावर लावला होता. त्यावर नऊ नोंदी होत्या. नऊही वाचनालयांच्या होत्या. वाचकाची एकही नव्हती.